दोघांची पहिली इटली: सात गावांची तीन कशी केली

किराणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही गावांची यादी केली होती. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, चिंक्वे तेर्रे, मिलान, व्हेनिस, आणि सुधीरला पॉम्पेई बघायचंच होतं. हातात दिवस अकरा, त्यातले दोन विमानातच जाणार. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून निघालो होतो. परदेशाची दोघांचीही पहिलीच वेळ.

तुम्हीही अशीच यादी घेऊन बसला असाल तर आधी एक हिशेब करा. गाव बदलायचं म्हणजे सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, आणि नवी खोली हाती येते दुपारी दोन-तीनला. दर बदलाला अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सहा बदल म्हणजे तीन दिवस नुसते सामान ओढण्यात.

मग आम्ही दोघांनी एकमेकांना न दाखवता तीन-तीन गोष्टी लिहिल्या. राहिल्या तर कायमची रुखरुख लागेल, अशाच. माझ्या कागदावर मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, व्हेनिस आणि फ्लॉरेन्समधली आमच्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक. सुधीरच्या कागदावर कोलोसियम, सिस्टिन चॅपेलचं छत आणि पॉम्पेई. कागद शेजारी ठेवले आणि आखणी आपोआप झाली: रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन. पॉम्पेई रोमहून एका दिवसात. बाकीची गावं कटाप.

विमानाचं तिकीट मुंबई ते रोम आणि परतीचं व्हेनिसहून काढा. बुकिंग करताना ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय निवडायचा. व्हेनिसहून रोमला परत यायचे रेल्वेचे चारेक तास आणि एक मुक्काम वाचतो. महिना शक्यतो एप्रिल, मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. आम्ही गणपती उरकून ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो. जुलै-ऑगस्टचं ऊन रोमच्या दगडी रस्त्यांवर सोसवत नाही.

ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मागायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. अगदी शेवटपर्यंत थांबू नका. आम्ही साडेतीन महिने आधी केला. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. माणशी फी 90 युरो, सेवाशुल्क वेगळं. अर्ज दोघांचे वेगळे असतात, म्हणून पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आणि एक कळकळीने सांगते: खात्यात शिल्लक दिसावी म्हणून ऐनवेळी कुणाकडून पैसे आणून भरू नका. मी स्वतः बँकेत कर्ज विभागात बसते. अशी रक्कम स्टेटमेंटवर पहिल्या नजरेत दिसते. सहा महिने आधीपासून दरमहा थोडं थोडं साठलेलं बरं.

हॉटेलच्या आधी तीन तिकिटांच्या तारखा पक्क्या करा: कोलोसियम, व्हॅटिकन संग्रहालयं आणि डेव्हिड. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, त्यामुळे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच घाला. त्याच तिकिटात शेजारचा फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडीही येते, म्हणून तो अख्खा दिवस मोकळा ठेवा. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार फुकट, पण त्या दिवशी रांगेतच दिवस जातो. सिस्टिन चॅपेल त्या संग्रहालयांतूनच बघायचं असतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मी पिशवीत ओढणी ठेवली होती. डेव्हिड असलेली अकादेमिया आणि उफ्फिझी ही फ्लॉरेन्समधली दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. तिथे सोमवार पडणार असेल तर मुक्काम एक दिवस पुढे-मागे सरकवा.

पॉम्पेईसाठी रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून सकाळची वेगवान गाडी धरली. सव्वा तासात नेपल्स. तिथून व्हेसुव्हियसच्या पायथ्याने जाणारी लोकल ‘पॉम्पेई स्कावी’ला सोडते, आणि अवशेषांचं दार स्टेशनसमोरच आहे. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेलं हे गाव. तिथल्या फरसबंद रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून आहेत. सुधीर खाली बसून त्या चाकोरीत तळहात ठेवून कितीतरी वेळ बघत होता. टोपी आणि पाणी जवळ ठेवा, सावली फार कमी आहे.

रेल्वेची तिकिटं दोन प्रकारची. वेगवान गाड्यांची जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त पडतात, पण स्वस्तातलं तिकीट बहुधा बदलता येत नाही. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. जवळच्या गावांना जाणाऱ्या साध्या गाड्यांचं तिकीट आदल्या दिवशी काढलं तरी चालतं, भाव तोच. मात्र कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा. विसरलात तर दंड होतो.

फ्लॉरेन्समध्ये कथीड्रलच्या घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. सुधीरचा गुडघा दुखरा. मी एकटी चढले; तो खाली चौकात कॉफी घेत बसला आणि संध्याकाळी मला त्याने तिथे पाहिलेल्या माणसांबद्दल भरभरून सांगितलं. दोघांनी मिळून गेलो म्हणून प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळूनच करायला हवी असं नाही. हे निघण्याआधीच बोलून घ्या, म्हणजे तिथे कुणाचं मन खट्टू होत नाही.

आता छत्रीबद्दल. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये वारले, अवघ्या विशीत. दहन नद्यांच्या संगमावर व्हावं म्हणून आर्नो आणि मुन्योने जिथे मिळतात तिथे चिता रचली. काही वर्षांनी त्याच जागी छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँटची, ज्याने पुढे आपला कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला. ट्रामच्या टी-वन मार्गावर ‘काशिने’ थांब्याला उतरायचं आणि काशिनेच्या बागेतून नदीच्या कडेने पश्चिमेला, बाग संपेपर्यंत चालायचं. आमच्या चालीने पाऊण तास लागला. वाटेत सायकलवाले आणि कुत्री फिरवणारी म्हातारी माणसं.

मेघडंबरीसारख्या नक्षीदार छताखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोक्यावर पगडी, चेहरा कोवळा, आमच्या थोरल्याच्या वयाचा. मी सकाळी बाजारातून घेतलेली पांढरी फुलं कठड्याशी ठेवली. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला संगम ओळखू येतो, तिथे आम्ही दोघं काही न बोलता उभे राहिलो. पलीकडे वाहतुकीचा मोठा पूल आहे, त्याचं नावच ‘भारतीयाचा पूल’. कोल्हापूरकरांनी तरी हा अर्धा दिवस राखून ठेवाच. मंगळवारी सकाळी बागेत आठवडी बाजारही भरतो.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. पण पार्मेझान आणि पेकोरिनो या चीजमध्ये जनावराच्या पोटातलं विरजण असतं. ते चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ही म्हणा आणि लसूण-तेलातला पास्ता मागा. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, ती माणशी बसण्याची आकारणी. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली की स्वस्त पडते. रोममध्ये रस्तोरस्ती नळ आहेत, पाणी पिण्याचं आहे, बाटली भरून घ्या. घरून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. तूप, पेढे, खवा नको, कारण बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.

व्हेनिसला तिकीट ‘सांता लुचिया’चं काढा, आधीच्या मेस्त्रेला उतरू नका. स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर थेट ग्रँड कॅनाल. त्या क्षणी मी सुधीरचा हात घट्ट धरला होता, एवढंच आठवतं. पण खोली निवडताना आमची चूक झाली. नकाशावर जवळ दिसलेल्या खोलीपर्यंत पाच पूल होते, प्रत्येकाला चढउतार पायऱ्या, आणि दोन मोठ्या बॅगा. सुधीरचा गुडघा रात्रभर ठणकला. तेव्हा खोली घेताना भाड्याआधी एवढंच विचारा: बोटीच्या कुठल्या थांब्याजवळ, आणि मध्ये पूल किती? माणशी एकच छोटी बॅग न्या. शहरातल्या सार्वजनिक बोटीचं 75 मिनिटांचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा साडेनऊ युरो होतं. एक नंबरची बोट सगळ्यात सावकाश जाते, म्हणूनच ती घ्या आणि पुढची उघडी जागा धरा. वसंतात-उन्हाळ्यात काही ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये नुसता दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं. मुक्कामी असलात तर माफ, पण नोंदणी करावी लागते. सगळ्याच गावांत रात्रीमागे माणशी शहरकर हॉटेलात द्यावा लागतो, त्यासाठी थोडे सुटे युरो ठेवा.

परतीच्या दिवशी विमानतळाची बस पियाझ्झाले रोमावरून सुटते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. विमान दुपारचं असेल तर पहाटे सहाला सान मार्कोच्या चौकात जाऊन या. आम्ही गेलो तेव्हा एक झाडूवाला आणि कबुतरं, बाकी चौकात कुणी नव्हतं.