गॅस गीझर पेटेना तेव्हा: माझा अनुभव

नळ सोडल्यावर आमचा गॅस गीझर पेटेनासा झाला आणि ठिणगी पडतानाची नेहमीची ‘टिक-टिक’ही ऐकू येईना, तेव्हा दोष सिलिंडरमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता. १.५ व्होल्टचे दोन्ही सेल बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. या यंत्रात वाहत्या पाण्याच्या दाबाने रबरी पडदा सरकतो, त्याची पिन छोट्या स्विचला चालना देते आणि त्यानंतरच ठिणगी पडून गॅस सुटतो. म्हणून दाब कमी पडला की सारेच अडते. गॅस आणि पाणी बंद करून पाणी आत येते तिथला नट सोडवला, तर आतली बारीक जाळी क्षार आणि गाळाने बुजलेली होती. ती व्हिनेगरमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवताच गीझर पेटला.

ज्योत मात्र निळी नव्हती, पिवळसर होती. हे अपूर्ण ज्वलनाचे लक्षण असून त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बर्नरला मी स्वतः हात लावला नाही आणि तंत्रज्ञाने तो साफ करेपर्यंत गीझर बंदच ठेवला. (आमचा गीझर गॅलरीत आहे, बंद न्हाणीघरात तो बसवणे मला मुळीच मान्य नाही.)