दाट जंगलात पक्षी मोजायला शिकवताना

उष्ण कटिबंधातल्या दाट जंगलात बहुतेक नोंदी कानाने होतात. डोळ्याला फार थोडं दिसतं. त्यामुळे नव्या मुलांना दुर्बीण खुशाल द्या, नोंदवही मात्र लगेच नको. पहिले दोन आठवडे नुसतं ऐकायचं. रोज चार-पाच आवाज, तेही सहज गल्लत होणारे जोडीजोडीने. फरक ज्याने-त्याने आपल्या शब्दांत लिहावा: 'ठोके सारख्या अंतराने', 'शेवटी सूर उतरतो'. आवाज ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे ओळख पटली असं नाही.

पुढचा धडा अंतराचा. गणनेत एका बिंदूवर उभं राहून ५० मीटरच्या वर्तुळातले पक्षी मोजायचे असतात, आणि खरी गडबड इथेच होते. गणनेच्या जागांपासून लांब, एका बिंदूभोवती चारी दिशांना २५ आणि ५० मीटरवर फिती बांधा. एकाने स्पीकर घेऊन झाडीत लपावं, बाकीच्यांनी अंदाज लिहावेत, मग टेप लावून मोजावं. पानं बारीक, उंच आवाज लवकर गिळतात, म्हणून जवळची शीळ लांबची वाटते. रानकबुतराचं खालच्या सुरातलं घुमणं लांबून येऊनही शेजारचं भासतं. तांबट टुक्-टुक् करताना मान फिरवतो. तो एकाच फांदीवर असतो, पण आवाज जागा बदलतो आणि एकाचे दोन लिहिले जातात. ६० मीटरपर्यंतचे पक्षी ५० मीटरच्या वर्तुळात धरले, तर क्षेत्र १.४४ पट होतं. पक्षी सगळीकडे सारखे असले तरी घनता ४४ टक्के फुगते.

प्रत्यक्ष गणनेत बिंदू एकमेकांपासून किमान २०० मीटर अंतरावर ठेवा. पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहा, मग १० मिनिटं मोजा. सूर्योदयानंतर तीन तासांत आवरा. पुढच्या फेरीत बिंदूंचा क्रम उलटा घ्या, नाहीतर पक्षी कमी बोलू लागल्यावर मोजलेले शेवटचे बिंदू कायम गरीब दिसतील. सिकाडा किड्यांची किरकिर चढली किंवा पानांवर पाऊस वाजू लागला की थांबा. गणनेच्या वेळी आवाज वाजवून पक्षी बोलवू नका; बाहेरचे वर्तुळात येतात.

मिश्र थवा, म्हणजे अनेक जातींचे पक्षी एकत्र, आला की मुलं गांगरतात. मिनिटभरात तीसेक पक्षी डोक्यावरून जातात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. आधी जाती, मग आकडे. रेकॉर्डर पूर्ण १० मिनिटं चालू असू द्या, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये. न ओळखलेल्यापुढे 'अनोळखी' आणि मिनिट लिहायचं, म्हणजे संध्याकाळी रेकॉर्डिंगमध्ये नेमकी जागा सापडते.