'सी, सी' (हो, हो) म्हणजे समजलं असं नव्हे: स्पॅनिश बोलणाऱ्या नव्या कामगाराला अन्नसुरक्षा कशी शिकवावी

अमेरिकेतल्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर आपला माणूस असला, तरी भांडी घासणारा, कांदा चिरणारा, चिकन साफ करणारा अनेकदा मेक्सिको, ग्वाटेमाला किंवा होंडुरासचा असतो. मॅनेजर मराठी असेल तर मधली भाषा म्हणजे दोघांची मोडकीतोडकी इंग्रजी. मग इंग्रजी माहितीपत्रक ॲपमधून स्पॅनिशमध्ये काढायचं आणि भिंतीला डकवायचं, हा ठरलेला उपाय. तो चालत नाही. 'हस्तप्रक्षालन अनिवार्य' अशी पाटी वाचून आपल्याकडे तरी कोणी हात धुतलेत का?

स्पॅनिशमध्येही हीच गत. अन्नसुरक्षेचा अधिकृत शब्द 'इनोकुइदाद'. तो किचनमध्ये कोणाच्या तोंडी नसतो. ॲप देतं 'सेगुरिदाद आलिमेंतारिया', ज्याचा अर्थ बहुधा सगळ्यांना पुरेसं अन्न मिळणं असा घेतला जातो. त्यापेक्षा सरळ म्हणा, 'के ला कोमिदा नो एन्फेर्मे आ नादिए': जेवणाने कोणी आजारी पडू नये.

शिकवायच्या आधी माणसाला बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, दोन गोष्टी विचारा: घरी कोणती भाषा बोलता आणि वाचायला जमतं का. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्याची मायबोली माम किंवा किचे असू शकते, मेक्सिकोतल्या वाहाकाच्या माणसाची मिश्तेक किंवा सापोतेक. त्यांची स्पॅनिश आपल्या इंग्रजीसारखीच, नंतर शिकलेली. अशांसाठी एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, कमी मजकुराची चित्रमय पोस्टर्स काढली आहेत, स्पॅनिशमध्येही. बोलताना 'उस्तेद' वापरा. ते आपलं 'तुम्ही' आहे. वयाने मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी 'तू' केलंत की शिकवणं तिथेच संपलं.

आता ॲलर्जी, कारण इथे शब्द चुकला तर माणूस जिवाला मुकू शकतो. शेंगदाणा मेक्सिकोत 'काकाउआते', होंडुरासकडे 'मानी'. तीळ 'आहोन्होली', पाकिटावर कधी 'सेसामो' लिहिलेलं असतं. २०२३ पासून तीळ अमेरिकेत नववा प्रमुख ॲलर्जन आहे. आणि आपल्या ग्रेव्हीचा जीव असलेला काजू? मेक्सिकोत 'नुएस दे ला इंडिया', म्हणजे चक्क भारताचा नट, आणि मध्य अमेरिकेत 'मारान्योन'. नुसतं 'नुएस' म्हणालात तर समोरचा अक्रोड किंवा पेकन समजेल आणि कोर्म्याची पळी बिनधास्त दुसऱ्या पातेल्यात घालेल. म्हणून खरा काजू, खरा शेंगदाणा, खरे तीळ छोट्या पारदर्शक डब्यांत भरा, डब्यावर दोन्ही नावं लिहा, आणि कोणत्या ग्रेव्हीत काय पडतं ते डबा पातेल्याशेजारी ठेवून दाखवा.

तासाभराचं व्याख्यान नको. शिफ्टच्या आधी पंधरा मिनिटं, एकच विषय, आणि तोही जिथे काम चालतं तिथेच उभं राहून. 'एंतिएंदे?', म्हणजे समजलं का, असं कधी विचारू नका. उत्तर 'सी' असंच येणार. 'मुएस्त्रेमे' म्हणा, म्हणजे करून दाखवा, आणि हात मागे बांधून बघत राहा.

सुरुवात थर्मामीटरने करा, कारण आकड्याला भाषा लागत नाही. ग्लासभर चुरलेला बर्फ, वर थोडं पाणी, टोक मधोमध, काचेला न टेकवता. ३२ अंश फॅरेनहाइट दिसायला हवं. दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर जुळवून घ्या. कामगार सेल्सिअसमध्ये वाढलेला असतो, तुमच्यासारखाच, म्हणून तक्त्यावर दोन्ही आकडे द्या, आधी फॅरेनहाइट, मग सेल्सिअस: ४१ आणि ५, १३५ आणि ५७, १६५ आणि ७४. फॅरेनहाइटमध्ये चिकन १६५, खिमा १५५ वर १७ सेकंद, मासा १४५ वर १५ सेकंद. टोक सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता.

सगळ्यात जास्त वेळ गार करण्यावर घालवा. गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये हा समज आपल्या घरांत आहे तसा त्यांच्याही घरांत सापडतो. म्हणून माखनी डाळीचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं, नाहीतर झाकण घट्ट लावून वॉक-इनमध्ये, म्हणजे थंड खोलीत, सरकवलं जातं. वरून गार, मध्ये पहाटेपर्यंत कोमट. नियम असा: १३५ वरून ७० वर दोन तासांत, तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास कडक आहेत, कारण जंतू त्याच पट्ट्यात सगळ्यात झपाट्याने वाढतात. दोन तासांनी ७० दिसलं नाही तर डाळ पुन्हा १६५ पर्यंत तापवा आणि गार करायला नव्याने सुरुवात करा, नाहीतर फेकून द्या. भाताची तर आणखी काळजी घ्या: बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याने तयार केलेलं, उलटी आणणारं विष पुन्हा तापवून जात नाही.

प्रात्यक्षिक असं करा. तीच डाळ अर्धी खोल पातेल्यात ठेवा, अर्धी पसरट ट्रेमध्ये दोन इंच थराने, ट्रे बर्फावर, झाकण न लावता. दर अर्ध्या तासाने कामगारालाच टोक बुडवून आकडा लिहू द्या. दोन तासांनी दोन रांगांतला फरक तो स्वतः वाचेल. पातेल्यातली डाळ मग पुन्हा १६५ पर्यंत तापवा किंवा टाका. टाकली तर ती धड्याची फी समजा.

सॅनिटायझरसाठी तीन बादल्या भरा: एक बरोबर, एक पातळ, एक कडक. ब्लीचला मेक्सिकोत 'क्लोरो' म्हणतात. तपासणीची पट्टी ५० ते १०० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) दाखवायला हवी. क्वाट, म्हणजे ब्लीचऐवजीचं अमोनियम संयुगाचं सॅनिटायझर, असेल तर लेबल पाहा, बहुतेक २०० ते ४००. 'थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं' हा हात सगळीकडे सारखाच. जास्त क्लोरीन भांड्यावर राहतं. सुगंधी ब्लीच नको, आणि क्लोरो क्वाटमध्ये मिसळणं तर मुळीच नको. तीन खणांच्या सिंकवर 'लावार, एन्हुआगार, देसिन्फेक्तार' असे चित्रासह कागद लावा: धुणं, विसळणं, जंतू मारणं. मग भांडं हवेवर वाळू द्यायचं. फडक्याने पुसलं की सगळी मेहनत पाण्यात.

हात धुणं दाखवायला अतिनील दिव्यात चमकणारं लोशन आणि छोटा टॉर्च पुरतो. वीस सेकंदांनंतरही अंगठा आणि नखांच्या कडा चमकतात, तेव्हा पोस्टरची गरज उरत नाही. हातमोज्यांच्या आधीही हात धुवायचेच. आणि लक्ष ठेवा शेवटी वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीवर: ती आणि नान, दोन्ही तयार अन्न, चिमटा किंवा मोजा हवाच. कच्चं चिकन लिंबू लावून नळाखाली धुण्याची सवयही सोडवावी लागते, शिंतोडे सॅलडपर्यंत जातात.

लेबलवरची तारीख हा वेगळाच घोळ. ७/४ म्हणजे अमेरिकेत चार जुलै; त्याला आणि तुम्हाला सात एप्रिल. 'LUN' (लुनेस, सोमवार) असं स्पॅनिशमध्येही वार छापलेले रंगीत स्टिकर घ्या. ४१ अंशांत सात दिवस, बनवल्याचा दिवस धरून.

कायद्यासाठी कार्डही लागतं. कॅलिफोर्नियात कामावर रुजू झाल्यापासून ३० दिवसांत फूड हँडलर कार्ड हवं, परीक्षा स्पॅनिशमध्येही देता येते, आणि २०२४ पासून खर्च मालकाचा.

राहिलं आजारपण. उलटी, जुलाब, कावीळ, तापासह घसादुखी, पिकलेली जखम: यांपैकी काहीही असलं तर आधी सांगायचं. नोरोव्हायरसच्या उलटी-जुलाबात थांबल्यावर ४८ तास घरी. पण रोजंदारी बुडणार असेल तर कोण सांगेल? न्यू जर्सीत ३० तासांच्या कामाला एक तास पगारी आजारी रजा मिळते, वर्षाला ४० तासांपर्यंत. हे पहिल्याच दिवशी सांगा, चित्र काढून सांगा. आणि फोनवर कोणी 'एस्तोय इंतोक्सिकादो' म्हणाला तर तो प्यालेला आहे असं समजून रागावू नका. त्याला अन्नातून विषबाधा झाली आहे, आणि त्याने तुम्हाला नेमकं तेच सांगितलंय जे सांगायला तुम्ही शिकवलं होतं.