नाताळात बर्फ पडेल का? पुण्यात बसून अंदाज बांधायची रीत

पुण्याहून उत्तरेत जाणाऱ्या झेलम एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सुरू होतं. त्या दिवशी कुठलंही ॲप डिसेंबरअखेरचं मनाली दाखवत असेल, तर ते खुशाल बंद करा. दोन महिने आधी हाताशी असतो तो फक्त मागच्या वर्षांचा हिशेब.

आधी प्रश्न नेमका करा. ‘बर्फ मिळेल का’ याचे दोन अर्थ होतात: डोळ्यांदेखत पडणारा आणि आधीच पडून साचलेला. पहिल्यासाठी असं लिहून ठेवा: ‘२३ ते २७ डिसेंबर, सोलंग (मनालीच्या वरचं खोरं), किमान १ सेंमी ताजा बर्फ’. गाव, तारखा आणि सेंटिमीटर यांतलं एक जरी सुटलं, तरी पुढची टक्केवारी निरर्थक.

आता मागची २० वर्षं मोजा. ओपन-मीटिओच्या संकेतस्थळावर ईआरए-५ ची, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेल्या हवामान-नोंदीची, १९४० पासूनची रोजची आकडेवारी फुकट मिळते. अक्षांश-रेखांशाबरोबर गावाची उंचीही टाका. ज्या दिवशी पर्जन्य १ मिमी किंवा जास्त आणि सरासरी तापमान १ अंश किंवा कमी, तो बर्फाचा दिवस धरा. ढोबळमानाने १ मिमी पाण्याचा १ सेंमी बर्फ होतो. तुमच्या खिडकीत, म्हणजे ठरवलेल्या तारखांत, असा एक तरी दिवस आलेली वर्षं मोजा, त्यात १ मिळवा आणि २२ ने (२० अधिक २) भागा. समजा ४ वर्षं निघाली, तर ५ भागिले २२, म्हणजे २३ टक्के. १ आणि २ मिळवायचे ते अशासाठी की २० वर्षांत एकदाही पडला नाही म्हणून शक्यता शून्य होत नाही. १९६० पर्यंत मागे जाऊ नका. तेव्हाचे हिवाळे जास्त थंड होते, आकडा उगाच फुगतो.

इथे चूक होते ती उंचीची. ईआरए-५ चा एक चौकोन २५-३० किमीचा, त्यात दरी आणि शिखर यांची सरासरी लागते. हिमालयात दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं, त्यामुळे १५ किमीवरच्या दोन गावांचं नशीब वेगळं असतं. मनाली सुमारे २,०५० मीटर, शिमला २,२००, सोलंग २,५५०, गुलमर्ग २,६५०, अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३,१०० च्या आसपास. बुकिंग करताना तुमच्या हातात एवढी एकच गोष्ट असते: उंची. तेव्हा ती वाढवा.

उत्तरेत हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून निघून ते वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात. महिन्याला ४ ते ६ येतात, बरेचसे नुसते ढग दाखवून जातात. राजस्थान-पंजाबवर कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन अरबी समुद्राचं बाष्प वर ओढलं गेलं, की जोरदार बर्फ होतो. शिवाजीनगरच्या ज्या शिमला ऑफिसवरून आपण रोज जातो, त्याचं नाव हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आलं म्हणून पडलं. विभागाचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. ती पद्धत पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडली. त्यातून आठवडा कोरडा की ओला एवढंच वाचा, तारीख शोधू नका.

दहा दिवस उरले की एन्सेम्बल उघडा, म्हणजे एकाच संगणकी हवामान मॉडेलच्या अनेक धावांचा संच. युरोपियन मॉडेल थोड्या-थोड्या वेगळ्या सुरुवातीने ५१ वेळा चालवतात, अमेरिकन ३१ वेळा. किती धावांत तुमच्या खिडकीत १ सेंमी बर्फ आहे, ते मोजा. ५१ पैकी १८ म्हणजे ३५ टक्के. दहा दिवस आधी या आकड्याला ४० टक्के वजन द्या, जुन्या हिशेबातल्या २३ टक्क्यांना ६०: १४ अधिक १३.८, म्हणजे २८ टक्के. पाच दिवसांवर मॉडेलचं वजन ७०, दोन दिवसांवर ९०. ही वजनं अंदाजपंचे आहेत, पण एकाच धावेतलं गोंडस चित्र व्हॉट्सॲपवर फिरवण्यापेक्षा बरी. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरची युरोपियन धाव दुपारी जेवणाच्या सुमारास हाती येते. दिवसातून दोनदा बघा, त्याहून जास्त नको.

शेवटच्या तीन दिवसांत शून्य अंशाची उंची बघा, म्हणजे हवेचं तापमान जिथे शून्यावर येतं ती रेषा. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर तिचा वेगळा थर आहे. बर्फ त्या रेषेच्या सुमारे ३०० मीटर खालपर्यंत न वितळता पोचतो. रेषा २,७०० वर असेल तर २,४०० पर्यंत: सोलंगला बर्फ, मनालीच्या मॉल रोडवर पाऊस. आणि ॲप दोन्हीकडे तेच चिन्ह दाखवतं! रात्री किंवा जोराच्या सरीत रेषा आणखी दोनेकशे मीटर उतरू शकते, म्हणून काठावरच्या गावाला ‘निम्मी शक्यता’ म्हणा.

‘मनाली उणे ५’ वाचून हुरळून जाऊ नका. कडाक्याची थंडी निरभ्र, शांत रात्री पडते आणि बर्फाला ढग लागतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दरवर्षी ‘बर्फ’ पडतो ना, ते गोठलेलं दव असतं, तेही अशाच निरभ्र रात्रीचं. उलट पुण्यात डिसेंबरची थंडी अचानक मोडली, आकाशात पांढुरके उंच ढग आले, तर उत्तरेत झंझावात असण्याचा संभव असतो. पण बंगालच्या उपसागरातलं बाष्पही तसंच करतं, म्हणून उपग्रहाचं चित्र बघूनच बोला.

अंदाज ३० सेंमीच्या वर गेला की प्रश्न रस्त्याचा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा पट्ट्यात हजारो पर्यटक गाड्यांसकट अडकले होते. झंझावात २५ ला पोचणार असेल, तर २४ च्या दुपारपर्यंत हॉटेलात असा, आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा.