फ्रीपीबीएक्स 16 वरून 17 वर जाताय? या चुका टाळा

आठ-दहा एक्स्टेन्शन (आतले फोन नंबर), एक आयव्हीआर ('एक दाबा, दोन दाबा' सांगणारा आवाज), बाहेर जायला एखादा सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी लाइन) किंवा पीआरआय (फोन कंपनीची तीस चॅनलची लाइन), आणि रॅकच्या तळाशी धूळ खात पडलेला सर्व्हर. ऑफिसचं फोन एक्स्चेंज सर्व्हरवर चालवणाऱ्या फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरच्या 16 व्या व्हर्जनवर चालणारी अशी ऑफिसं अजून ठिकठिकाणी आहेत. फोन वाजतायत तोवर त्या सर्व्हरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण 16 च्या तयार डिस्ट्रोखाली (सगळं एकत्र असलेल्या इन्स्टॉल पॅकेजखाली) सेंटओएस 7 ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि त्याचा सपोर्ट 30 जून 2024 रोजी संपला. म्हणजे आज ना उद्या 17 वर जावंच लागणार. माझा अनुभव असा, की या कामात सॉफ्टवेअर क्वचितच दगा देतं. दगा देतात त्याला चिकटलेल्या गोष्टी: फोनमधली जुनी सेटिंग्ज, राउटर, पीआरआय कार्ड, कुणीतरी कधीतरी हाताने लिहून ठेवलेली एखादी फाइल.

अपग्रेडचं बटण शोधत बसणं

मॉड्यूल, म्हणजे फ्रीपीबीएक्सचे सुटे भाग, वेब पॅनलवरून अपडेट होतात, म्हणून 17 सुद्धा तसंच येईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. 17 हे डेबियन 12 या वेगळ्या लिनक्सवर बसतं, त्यामुळे जुन्या मशिनवर आहे तिथल्या तिथे उडी मारता येत नाही. हे घर बदलण्यासारखं काम आहे: नव्या मशिनवर डेबियन टाकायचं, त्यावर 17 बसवायचं आणि 16 चा बॅकअप तिथे रिस्टोर करायचा. जुनं मशिन तोपर्यंत चालूच राहतं, ही त्यातली मोठी सोय. मालकाला मात्र हे आधीच सांगा, नाहीतर 'अपडेटच तर करायचंय' म्हणून नव्या मशिनचे पैसे निघत नाहीत.

बॅकअपच्या हिरव्या टिकवर विसंबणं

रोज रात्री 'बॅकअप झाला' असा मेल येतो आणि सगळे निवांत. फाइल मात्र त्याच मशिनच्या त्याच डिस्कवर पडलेली असते. शिवाय कॉल रेकॉर्डिंग नेहमीच्या बॅकअपमध्ये आपोआप येत नाहीत. ती वेगळी उचलावी लागतात, आणि काही वर्षांची असली तर कॉपी व्हायलाच रात्र जाते. पैसे देऊन घेतलेली मॉड्यूल असतील तर त्यांचं लायसन्स मशिनला बांधलेलं असतं, ते नव्या मशिनवर वळवायची तजवीज आदल्या आठवड्यातच करा.

हाताने लिहिलेल्या कस्टम डायलप्लॅनकडे (कुठला कॉल कुठे पाठवायचा त्या सूचनांकडे) खास लक्ष द्या. रात्री साडेआठनंतरचे कॉल वॉचमनच्या मोबाइलवर पाठवायला कुणीतरी चार ओळी लिहून गेलेला असतो, आणि त्या जुन्या 'मॅक्रो' पद्धतीने लिहिलेल्या असतात. फ्रीपीबीएक्सच्या पोटात प्रत्यक्ष कॉल चालवणारं इंजिन म्हणजे अॅस्टरिस्क, आणि त्याच्या 21 व्या व्हर्जनपासून मॅक्रो काढूनच टाकलंय, त्याजागी 'गोसब' वापरावं लागतं. दिवसभर सगळं सुरळीत चालतं आणि रात्री कॉल त्या ओळीपाशी येऊन कट होतो. लॉगमध्ये मॅक्रो नावाचं अॅप्लिकेशन सापडत नसल्याची ओळ दिसली तर दुसरीकडे शोधू नका.

चॅन-सिपवरचे फोन तसेच ठेवणं

सर्वांत जास्त फोन इथे बंद पडतात. फोन आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या सिपचा जुना ड्रायव्हर, म्हणजे चॅन-सिप, अॅस्टरिस्क 17 पासून मोडीत काढला होता आणि 21 मध्ये तो उरलेलाच नाही. (अॅस्टरिस्कचे आकडे वेगळे, फ्रीपीबीएक्सचे वेगळे, व्हेंडरशी बोलताना कुठला 17 ते आधी विचारून घ्या.) फ्रीपीबीएक्स 17 सोबत अॅस्टरिस्क 21 किंवा 22 येतं, तिथे सगळं पीजेसिप या नव्या ड्रायव्हरवरच चालतं. म्हणून एक्स्टेन्शन आणि ट्रंक जुन्या मशिनवर असतानाच पीजेसिपवर आणा. एका दिवसात सगळे नको. आधी स्वतःच्या टेबलावरचा फोन, मग अकाउंट्सचे दोन, रिसेप्शन सर्वांत शेवटी.

यात पोर्टची, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावरच्या दाराच्या नंबरची, मेख आहे. बऱ्याच जुन्या सिस्टिमवर चॅन-सिप 5060 वर ऐकत असतं आणि पीजेसिप दुसऱ्याच पोर्टवर. काही ठिकाणी उलट, पीजेसिप 5060 वर आणि चॅन-सिप 5160 वर. ड्रायव्हर बदलला पण फोनमध्ये जुनाच पोर्ट राहिला, की फोन रजिस्टर होत नाही. मग लोक पासवर्ड बदलत बसतात. आधी फोनच्या वेब पेजवर जाऊन सर्व्हरच्या पत्त्यापुढे कुठला पोर्ट लिहिलाय ते बघा. सर्व्हरवर पोर्ट बदलला असेल तर 'अप्लाय कॉन्फिग' दाबून भागत नाही, अॅस्टरिस्क पूर्ण रीस्टार्ट करावं लागतं. कॉल चालू असताना ते करू नका. सगळे कॉल संपेपर्यंत थांबून मग रीस्टार्ट घेणारी कमांड अॅस्टरिस्कमध्ये आहे, ती वापरा.

आणखी एक: एकच एक्स्टेन्शन डेस्क फोनवर आणि मोबाइल अॅपवरही हवं असेल, तर पीजेसिपमध्ये 'मॅक्स कॉन्टॅक्ट्स' (एका एक्स्टेन्शनवर किती फोन रजिस्टर होऊ शकतात तो आकडा) वाढवा. तो एकवर राहिला तर साहेबांच्या मोबाइलवर घंटी वाजते आणि केबिनमधला फोन मुका राहतो, किंवा उलट.

दोन्ही मशिन एकाच वेळी ट्रंकवर

रिस्टोर झाल्या झाल्या नवं मशिन तुमच्याच खात्याने प्रोव्हायडरकडे रजिस्टर व्हायला जातं. जुनंही रजिस्टर असतंच. आता येणारा कॉल कधी इकडे, कधी तिकडे. ऑफिसच्या लोकांना एवढंच कळतं, की 'कस्टमर म्हणतो रिंग जाते, इथे तर काही वाजलंच नाही'. रिस्टोर करताना नव्या मशिनची बाहेरची वाट राउटरवरच बंद ठेवा आणि ट्रंक डिसेबल केल्यावरच उघडा.

राउटर विसरणं

नव्या मशिनला नवा आयपी दिला आणि राउटरमधलं फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या कुठल्या मशिनकडे पाठवायचं ते सेटिंग) जुन्याच आयपीकडे राहिलं, की एकतर्फी आवाजाचा घोळ सुरू. फोन वाजतो, रिसेप्शनवरची मुलगी उचलते, तिचा आवाज पलीकडे जातो, पलीकडचा मात्र तिला ऐकू येत नाही. कारण कॉल जोडणारे निरोप आणि प्रत्यक्ष आवाज वेगवेगळ्या पोर्टवरून येतात. आवाजाची रेंज साधारण 10000 ते 20000 असते, आणि ती जुन्या डब्याकडे चाललेली असते. सोपा उपाय म्हणजे अदलाबदलीच्या दिवशी जुनं मशिन बंद करून त्याचाच आयपी नव्याला द्यायचा. फोनलाही हात लावावा लागत नाही.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर फेल-टू-बॅनची, म्हणजे चुकीचे पासवर्ड येत राहिले की तो आयपी अडवणाऱ्या प्रोग्रॅमची, गंमत बघायला मिळते. कोपऱ्यातला एक विसरलेला फोन जुन्या पासवर्डने धडका मारत राहतो, सर्व्हर तो आयपी ब्लॉक करतो, आणि सगळ्या ऑफिसचा आयपी तोच असल्यामुळे थोड्या वेळाने सगळे फोन एकदम गार. ऑफिसचा स्थिर आयपी आधीच विश्वासू यादीत टाका. घाईत फायरवॉलच बंद करून टाकणारे मी पाहिलेत, पण ते धोक्याचं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एंडपॉइंट (फोनची सेटिंग्ज सांभाळणाऱ्या) मॉड्यूलमधली जी त्रुटी उघडकीस आली, तिच्यातून पासवर्डशिवाय अॅडमिन पॅनलमध्ये शिरता येत होतं. पॅनल इंटरनेटवर उघडं असलेल्यांना त्याचा फटका बसला. मॉड्यूल अपडेट म्हणूनच लांबवू नयेत. मोठ्या व्हर्जनसारखी त्यांची तयारी महिनाभर करावी लागत नाही.

पीआरआय कार्ड गृहीत धरणं

कार्ड आणि अॅस्टरिस्क यांच्यामध्ये डाहडी हा ड्रायव्हर असतो आणि तो कर्नलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) जुळावा लागतो. कर्नल बदलला, ड्रायव्हर बदलला नाही, की तीसही चॅनल गायब. माझं सरळ म्हणणं आहे, की मशिन बदलतच आहात तर कार्ड सोडा आणि बाहेर एक पीआरआय गेटवे (पीआरआयचं सिपमध्ये रूपांतर करणारा वेगळा डबा) बसवा. लाइन गेटवेत जाते, गेटवे सर्व्हरशी सिपवर बोलतो. पुढच्या अपग्रेडला लाइनला हातही लागत नाही.

'लागला' म्हणून टेस्ट संपवणं

एक मोबाइल लावून बघितला, बोलणं झालं, चला घरी. असं नको. लँडलाइनवरून मोबाइल लावताना 15 जानेवारी 2021 पासून आधी शून्य लागतं, तेव्हा आउटबाउंड रूटमधले (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमांमधले) जुने पॅटर्न तो शून्य खातात का ते बघा. एसटीडी, 1800 चे नंबर, आयव्हीआरमधला प्रत्येक आकडा, कॉल ट्रान्सफर, होल्ड, आणि पलीकडे आपला कुठला नंबर दिसतो, हे सगळं तपासा. रात्रीचा मोडही, मशिनचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना हे बघून. बरेच जण यासाठी रविवार निवडतात. मी शनिवारी दुपार घेतो, कारण प्रोव्हायडरकडे फोन उचलणारा माणूस तेव्हा भेटतो आणि ऑफिसातलंही कुणीतरी 'हॅलो हॅलो' करायला हाताशी असतं.

जुनं मशिन लगेच फॉरमॅट करू नका. पंधरा-वीस दिवस बंद ठेवा, पण नेटवर्कची केबल काढून आणि वर 'चालू करू नये' अशी चिठ्ठी चिकटवून. नाहीतर वीज जाऊन आल्यावर कुणीतरी भलेपणाने बटण दाबतं आणि एकाच आयपीची दोन मशिन उभी राहतात.