‘डॉक्टर हू’च्या बारगळलेल्या कथांवर लिहिताय? मग या चुका टाळा

गेल्या आठवड्यात परत एक व्हिडिओ बघितला, ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या काळप्रवासाच्या विज्ञानकथा मालिकेच्या कधीच न बनलेल्या एपिसोड्सवर. मेहनत दिसत होती, आवाज छान, एडिटिंग छान, आणि तिसऱ्याच मिनिटाला वाक्य आलं की ‘शाडा’ची स्क्रिप्ट बीबीसीने नाकारली. मी तिथेच थांबवला. ‘शाडा’ कुणीही नाकारली नव्हती हो! डग्लस अ‍ॅडम्सने लिहिली, सहा भागांची, १९७९ च्या सीझनचा शेवट म्हणून, केंब्रिजमध्ये जाऊन बाहेरचं शूटिंग झालं, स्टुडिओच्या तीन सेशन्सपैकी पहिलं पूर्ण झालं, आणि मग बीबीसीत कामगारांचा वाद पेटला, स्टुडिओ बंद, आणि ते शूटिंग परत सुरू झालंच नाही. नंतर आलेल्या निर्मात्याने ती पूर्ण करायचा प्रयत्नही केला, जमलं नाही. म्हणजे तेव्हाचा डॉक्टर टॉम बेकर (नायक डॉक्टरची भूमिका वेगवेगळे नट करत आलेत) आणि त्याची साथीदार लाला वॉर्ड कॅमेऱ्यासमोर उभे राहून डायलॉग बोललेत, ती फिल्म आजही आहे. ती कथा ‘नाकारलेली’ कशी होईल?

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, त्यामुळे तिच्या मागे न वापरलेल्या कल्पनांचा ढीग प्रचंड आहे आणि मला त्या ढिगाचं जबरदस्त वेड आहे. गेली बरीच वर्षं एका जाड वहीत या कथांच्या नोंदी ठेवतोय, आणि त्याच त्याच चुका इतक्या वेळा बघितल्यात की आता एकदा सगळं लिहूनच टाकतो.

सगळं एकाच पोत्यात भरणं

ही चूक सगळ्यांची आई आहे, बाकीच्या हिच्याच पोटातून येतात.

‘न बनलेला एपिसोड’ म्हणजे नेमकं काय? कुणीतरी स्क्रिप्ट एडिटरला चहा पिताना सांगितलेली कल्पना? दोन पानांची लिहून पाठवलेली स्टोरी? पैसे देऊन मागवलेलं सीन ब्रेकडाउन? कमिशन झालेली, म्हणजे बीबीसीने रीतसर मागवलेली स्क्रिप्ट? की अर्धं शूट झालेलं प्रकरण? या पाच वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि कथा कुठल्या पायरीवर अडकली हे न सांगता तिच्याबद्दल लिहिणं म्हणजे अर्धी माहिती देणं.

माझी सवय सांगतो. मी प्रत्येक कथेला एकच प्रश्न आधी विचारतो, लेखकाला पैसे दिले गेले का? कारण बीबीसी सरकारी थाटाची संस्था, तिथे पैसे गेले की कागद होतो आणि कागद झाला की तारीख मिळते. तारीख मिळाली की वहीत पेनाने लिहितो, नाही मिळाली तर पेन्सिलने. माझ्या वहीतली निम्म्याहून जास्त पानं पेन्सिलची आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही, पेन्सिलची नोंद ही पण नोंदच आहे. पण नवीन लोकांना घाई असते, त्यांना सगळं पेनाने हवं असतं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

याचं फळ काय मिळतं ते आम्ही भोगलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं मिळून ‘१९८९ नंतर काय झालं असतं’ यावर व्हिडिओ करत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुनी मालिका ६ डिसेंबर १९८९ ला ‘सर्व्हायव्हल’च्या तिसऱ्या भागाने थांबली, तेव्हाचा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय आणि स्क्रिप्ट एडिटर अँड्र्यू कार्टमेल. पुढचा म्हणजे सत्ताविसावा सीझन कधी आलाच नाही, आणि त्या न आलेल्या सीझनबद्दल जितकं लिहिलं गेलंय तितकं आलेल्या कित्येक सीझन्सबद्दल लिहिलेलं नसेल. आमच्यातला एक जण नवा होता, खूप उत्साही, त्याने एका रात्रीत मजकूर तयार केला आणि त्यात लिहिलं की सत्ताविसाव्या सीझनच्या चारही स्क्रिप्ट तयार होत्या, फक्त शूटिंग बाकी होतं. चार नावं पण दिली, ओळीने. मी त्या आठवड्यात दुसऱ्या कामात होतो, वरवर वाचलं, नावं ओळखीची वाटली, जाऊ दिलं. ही चूक माझी, मी तपासायला हवं होतं.

व्हिडिओ गेला. दोन दिवसांनी एका जुन्या फॅनचा मेसेज आला, एकदम सभ्य भाषेत, की या चारपैकी एखादी स्क्रिप्ट कमिशन झाल्याची तारीख देता का, माझ्या नोंदीत नाहीये. आमच्याकडे तारीख नव्हती. शोधली, नाही मिळाली, आणि मिळणारच नव्हती कारण त्या स्क्रिप्ट कधी कमिशनच झाल्या नव्हत्या! कार्टमेल आणि त्याच्या लेखकांच्या गप्पांमध्ये कल्पना होत्या, काही छान होत्या, डॉक्टरची साथीदार एस हिने डॉक्टरच्या ग्रहावरच्या, गॅलिफ्रेच्या अकादमीत जाऊन त्याच्यासारखं टाइम लॉर्ड व्हायचं, एका पार्टीत तिजोरी फोडणारी चोरटी मुलगी तिजोरी उघडते तर आत डॉक्टर बसलेला. पण कार्टमेल तर ‘कॅज्युअल्टी’ या हॉस्पिटलच्या मालिकेवर काम करायला गेला. सीझन म्हणून जे रूप आज दिसतं, चार कथा, चार नावं, ठराविक क्रम, ते नव्वदच्या दशकात फॅन मासिकांतून जुळवलं गेलं. डॉक्टरभोवतीचं गूढ वाढवायच्या कार्टमेलच्या बेतासाठी वापरतात तो ‘कार्टमेल मास्टरप्लॅन’ हा शब्दसुद्धा फॅन्सनीच तयार केलेला.

व्हिडिओ काढला, परत रेकॉर्ड केला, तीन शनिवार-रविवार गेले. पण जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. तोपर्यंत आणखी दोघांनी आमचंच वाक्य उचललं होतं, शब्द न बदलता, आणि त्यांना कळवूनही त्यांनी काढलं नाही. ते वाक्य अजून फिरतंय आणि ते आमचं आहे.

नंतर आलेलं ऑडिओ नाटक म्हणजेच मूळ कथा असं समजणं

ही माझी दुसरी दुखरी जागा.

बिग फिनिश कंपनीने २००९ पासून ‘लॉस्ट स्टोरीज’ नावाची ऑडिओ मालिका काढली, बारगळलेल्या कथा खऱ्या कलाकारांच्या आवाजात. मला त्या मनापासून आवडतात, ‘द नाइटमेअर फेअर’मध्ये ऐंशीच्या दशकातला डॉक्टर कॉलिन बेकर याचा आवाज ऐकताना अंगावर काटा आला होता. पण ते रूपांतर आहे. वीस-पंचवीस वर्षांनी, वेगळ्या माध्यमासाठी, कधी कधी वेगळ्याच माणसाने केलेलं. ‘साँग ऑफ द मेगाप्टेरा’ ऐकून पॅट मिल्सने ऐंशीच्या दशकात काय लिहिलं होतं हे ठरवता येत नाही, तेव्हा तर तिचं नावही ‘साँग ऑफ द स्पेस व्हेल’ होतं आणि जॉन वॅग्नरही सोबत होता.

सगळ्यात मोठा गोंधळ परत त्या सत्ताविसाव्या सीझनचा. तिजोरीवाली मुलगी ऑडिओत आली तेव्हा तिचं नाव रेन क्रीव्ही ठेवलं. आता लोक सरळ लिहितात की १९९० मध्ये रेन क्रीव्ही नावाची नवी साथीदार येणार होती. अरे बाबा, ते नाव ऑडिओवाल्यांचं आहे, त्याआधीच्या लेखांमध्ये तिला दुसरंच नाव होतं! तसंच लेखक मार्क प्लॅटच्या आइस वॉरियर्सच्या (मालिकेतल्या मंगळावरच्या योद्ध्यांच्या) कथेचं, मूळ कल्पना साठच्या दशकातल्या लंडनची, ऑडिओ झालं १९६७ च्या मॉस्कोत, नाव ‘थिन आइस’, आणि मग २०१७ मध्ये टीव्हीवर ‘थिन आइस’ याच नावाचा पूर्ण वेगळा एपिसोड आला, गोठलेल्या थेम्स नदीवरच्या १८१४ च्या जत्रेचा. आता हे तिन्ही एकात मिसळून लिहिलेले लेख मी वाचलेत.

कादंबऱ्यांचंही तेच. १९८५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने मालिका दीड वर्ष थांबवली तेव्हा ठरलेला अख्खा सीझन गेला, त्यातल्या ‘द नाइटमेअर फेअर’, ‘द अल्टिमेट ईव्हिल’ आणि ‘मिशन टु मॅग्नस’ या तिघांच्या कादंबऱ्या त्यांच्याच लेखकांनी १९८९-९० मध्ये लिहिल्या. या जास्त जवळच्या, कारण हात तोच आहे. तरी ती कादंबरीच, स्क्रिप्ट नाही.

मी काय करतो, प्रत्येक कथेच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारतो. डावीकडे फक्त त्या काळातलं, उजवीकडे नंतर आलेलं. एखादी गोष्ट कुठल्या बाजूची हे ठरत नसेल तर ती उजवीकडे. कुणी म्हणतं हे फार किचकट आहे, एक्सेल शीटमध्ये एका क्लिकवर होतं. होत असेल, मला हाताने रेघ मारली की डोक्यात बसतं.

‘मिसिंग’ आणि ‘न बनलेले’ यात घोळ

मिसिंग एपिसोड बनले होते, दाखवले गेले होते, नंतर बीबीसीने टेप पुसल्या. त्यांचे आवाज फॅन्सनी घरी टीव्हीसमोर रेकॉर्डर ठेवून वाचवलेत. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा, बास.

बारगळली म्हणजे वाईट होती

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने कथा बंद होण्याची कारणं बघितलीच नसणार. टेरन्स डिक्सची व्हॅम्पायरची कथा १९७७ मध्ये थांबवली कारण बीबीसी त्याच वेळी ड्रॅक्युलावर मोठी निर्मिती करत होती, व्हॅम्पायरची थट्टा होतेय असं वाटायला नको म्हणून. डिक्सने घाईघाईत दुसरी कथा दिली, दीपगृहातली, ‘हॉरर ऑफ फँग रॉक’, आणि ती आज क्लासिक मानली जाते. थांबवलेली कथा पण वाया गेली नाही, १९८० मध्ये ‘स्टेट ऑफ डिके’ म्हणून आलीच.

आणि ‘द फायनल गेम’? मास्टर म्हणजे डॉक्टरचा कट्टर शत्रू, त्याची भूमिका करणाऱ्या पहिल्या नटाची, रॉजर डेलगाडोची, निरोपाची कथा होणार होती ती. १८ जून १९७३ ला तुर्कस्तानात कार अपघातात डेलगाडो गेला. त्यानंतर त्या कथेला काय अर्थ राहिला? या कथेबद्दल ‘स्क्रिप्टमध्ये मास्टर असा मरणार होता’ असं छातीठोकपणे लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, ती कल्पनेच्याच टप्प्यावर होती, तिथे एक माणूस गेलाय, आपल्या मनचे सीन त्यात घालू नका.

कल्पना कुठे गेली हे न शोधणं

लोक ‘ही कल्पना कायमची हरवली’ लिहून मोकळे होतात. हरवत नाहीत हो इतक्या सहज, लेखक कंजूष असतात, काही टाकत नाहीत. अ‍ॅडम्सची क्रिकिटमेनची कथा ‘डॉक्टर हू’साठी होती, ती १९८२ च्या त्याच्या कादंबरीत गेली. ‘शाडा’तला म्हातारा प्रोफेसर क्रोनॉटिस १९८७ मध्ये अ‍ॅडम्सच्याच डर्क जेंटली या गुप्तहेराच्या पहिल्या कादंबरीत निवांत बसलाय. मार्क प्लॅटची डॉक्टरच्या जुन्या घराची कथा ‘लंगबॅरो’ निर्मात्याला फार गुपितं फोडणारी वाटली, ती बदलून १९८९ ची ‘घोस्ट लाइट’ झाली आणि मूळ कल्पना १९९७ मध्ये कादंबरी म्हणून आली. अगदी सुरुवातीला सगळे जण इंचभर लहान होतात अशी कथा पहिली म्हणून ठरली होती, ती बाजूला पडली, पण वर्षभरात ‘प्लॅनेट ऑफ जायंट्स’ आलीच की. माझ्या वहीत म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी एक बाण असतो, पुढे कुठे गेली. बाण रिकामा असेल तर तो रिकामा ठेवतो, अंदाजाने भरत नाही.

बाकी किरकोळ पटापट. फॅनने बनवलेलं पोस्टर पुरावा नसतं. स्टीफन फ्रायची १९२० च्या दशकातली कथा २००६ मध्ये ‘पडली’ नाही, महाग होती म्हणून पुढे ढकलली आणि मग त्याला परत लिहायला वेळ मिळाला नाही. लेखकाने तीस वर्षांनी मुलाखतीत सांगितलेली आठवण प्रेमाने ऐका पण पेन्सिलनेच लिहा. आणि एआयला ‘न बनलेल्या दहा कथा सांग’ विचारून आलेली यादी मला तपासायला पाठवू नका, त्यात खऱ्या नावाखाली खोटी कथा असते आणि ती निस्तरायला यादी नव्याने करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

एक कथा मात्र कुठल्या रकान्यात टाकायची यावर मी अजून अडतो. १९८६, ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’चा चौदावा म्हणजे शेवटचा भाग. रॉबर्ट होम्सने तेरावा लिहिला आणि मे महिन्यात तो वारला. स्क्रिप्ट एडिटर एरिक सॉवर्डने होम्सने ठरवलेल्या शेवटाप्रमाणे चौदावा लिहून दिला, डॉक्टर आणि त्याच्यावरच्या खटल्यातला फिर्यादी व्हॅलेयार्ड दोघं झुंजत खाली पडतात आणि काय झालं ते कळतच नाही असा. निर्माता जॉन नेथन-टर्नरला भीती होती की असा उघडा शेवट ठेवला तर बीबीसीला मालिका बंद करायला आयतं कारण मिळेल. भांडण झालं, सॉवर्डने स्क्रिप्ट परत घेतली, आणि पिप आणि जेन बेकर या नवरा-बायकोला काही दिवसांत नवा भाग लिहावा लागला, तोही जुन्या स्क्रिप्टमध्ये काय होतं हे कुणीही त्यांना सांगायचं नाही या अटीवर. म्हणजे भाग बनला, दाखवला गेला, त्याच नंबरने. आणि न बनलेलाही तोच. मी त्याला दोन पानं दिलीत, समोरासमोर, दोन्ही पेनाने.