लिनक्स ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन कसं साफ करायचं

प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं रिमूव्ह, म्हणजे डिव्हाइस काढताना चालणारं फंक्शन, वर्षानुवर्षं एरर कोड परत करायचं आणि कर्नल फार तर लॉगमध्ये इशारा छापायचं. डिव्हाइस जायचं ते जायचंच. आता कर्नलने ती सोयच काढून टाकली: एसपीआय ड्रायव्हरांसाठी कर्नल ५.१८ पासून, आयटूसीसाठी (या दोन्ही चिप्स जोडणाऱ्या बस) ६.१ पासून आणि प्लॅटफॉर्मसाठी ६.११ पासून रिमूव्ह व्हॉइड आहे, म्हणजे काहीच परत करत नाही. जुना ड्रायव्हर आणताना ‘इंट’चं ‘व्हॉइड’ केलं की कंपायलर गप्प बसतो, बग मात्र तिथेच राहतो.

आधी रिमूव्हच्या मधूनच बाहेर पडणारे रिटर्न शोधा. नेहमीचा गुन्हेगार रनटाइम पीएम (वापर नसताना डिव्हाइस झोपवणारी वीजबचत यंत्रणा): डिव्हाइस जागं झालं नाही, तर एरर घेऊन परत. त्यानंतर डेव्हएमवाली (रिमूव्हनंतर कर्नल आपोआप सोडतं ती) मेमरी आणि रजिस्टरांचं मॅपिंग सुटतं, पण एसपीआय कंट्रोलरची नोंदणी तशीच राहते. पुढची विनंती थेट मोकळ्या केलेल्या मेमरीत. म्हणून डिव्हाइस जागं करायला रनटाइम पीएमचा गेट-सिंक वापरा. तो अपयशी झाला तर फक्त रजिस्टरांना हात लावू नका. बाकी सगळी आवराआवर कराच. गेट-सिंक अपयशी झाला तरी वापराचा आकडा वाढवतो, त्यामुळे शेवटी पीएम डिसेबल केल्यावर तो आकडा परत कमी करणारा पुट-नोआयडल हवाच.

क्रम प्रोबच्या (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनच्या) उलटा. पहिल्यांदा नोंदणी काढा, म्हणजे नवी कामं येणं थांबेल. मग इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेली हाक), मग वर्क (नंतर करायला रांगेत टाकलेलं काम) आणि टायमर, सर्वात शेवटी क्लॉक. इथे डेव्हएम हमखास फसवतो: त्याने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तुम्ही वर्क रद्द केलंत, तेवढ्यात इंटरप्ट आला, वर्क पुन्हा रांगेत! वर्क रद्द करण्याआधी इंटरप्ट स्वतः फ्री करा. नुसता डिसेबल नको. इंटरप्टची लाइन सामायिक असेल तर शेजारच्या डिव्हाइसचाही आवाज बंद होतो. स्वतःला पुन्हा लावणाऱ्या टायमरसाठी ६.२ पासून टायमर-शटडाउन-सिंक आहे (टायमर थांबवतो आणि पुन्हा लागू देत नाही), तोच घ्या.

तपासणीसाठी केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बांधा. डिव्हाइसवर कामाचा भार असताना सिसएफएसमधल्या (/sys) ड्रायव्हरच्या अनबाइंड आणि बाइंड फायलींत त्याचं नाव लिहीत राहा, शंभरेक फेऱ्या तरी. कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅम फाइलसारखं उघडून वाचतात ते) असेल तर एका प्रोग्रॅममध्ये फाइल उघडी ठेवून अनबाइंड करा आणि मग त्या फाइलमधून वाचा. केसॅन ओरडला, तर ड्रायव्हरचं खाजगी स्ट्रक्चर डेव्हएममधून काढून केरेफवर (वापरणारे मोजणाऱ्या काउंटरवर) न्या. ते शेवटची फाइल बंद झाल्यावरच सुटलं पाहिजे.